कविकट्ट्यावर पहिल्यांदाच वाचणार असशील तर

अरे नंबर लागलाय ना, मग एकच कविता ने, एका पानात मावणारी. साहित्य संमेलनातला कविकट्टा म्हणजे मुख्य कविसंमेलन नव्हे, तिथे सकाळपासून कवींची रांग असते आणि सूत्रसंचालक दोन-तीन मिनिटांत चुळबुळ करायला लागतो, त्यामुळे ‘या कवितेमागची पार्श्वभूमी अशी की’ हे सुरूच करायचं नाही, शीर्षक सांग आणि वाच. मोबाईलवरून नको, स्क्रीन नेमकी तेव्हाच बंद पडते, मोठ्या अक्षरात प्रिंट काढ. माईक तोंडाच्या अगदी समोर नको, जरा खाली हनुवटीकडे धर, नाहीतर प्रत्येक ‘फ’ आणि ‘भ’ला स्पीकर फुटतो. गझल असेल तर शेराची पहिली ओळ दोनदा म्हण, थांब, मग दुसरी टाक, घाई केलीस की शेर फुकट गेला. मुक्तछंद मात्र गाऊ नको प्लीज!! रविकिरण मंडळाच्या कवींनी १९२०च्या दशकात कविता गाऊन लोकांपर्यंत नेल्या हे खरंय, पण त्या कविता वृत्तात, जातीत (म्हणजे मात्रा मोजून केलेल्या छंदात) बांधलेल्या होत्या, चालीवर बसायच्या. आणि आपलं झालं की लगेच चहाला पळू नको (सगळे तेच करतात), निदान पुढच्या तिघाचौघांचं ऐक, त्यातलाच कोणीतरी पुढच्या मैफिलीला बोलावतो बहुतेक वेळा.