आधी घेणाऱ्याची सही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल काल रात्री वाचला. डॅनिश म्हणतात, जर्मनीने आधी मागणी दाखवावी. जर्मन म्हणतात, डेन्मार्कने आधी हायड्रोजन दाखवावा. आणि दोन्ही देशांच्या सीमेवरच्या एलुंडला हायड्रोजनचा पाइप कधी पोचणार, ती तारीख लिहायची तू. हायड्रोजन बनवणारा प्लांट आधी की पाइप आधी, असं विचारतेस. अगं, आधी घेणाऱ्याची सही!

तू पाठवलेलं एक्सेल उघडलं. ‘मागणी’च्या रकान्यात मोठमोठी नावं आणि प्रत्येकापुढे ‘एलओआय’, म्हणजे नुसतं इरादापत्र. त्यात किंमत नाही, मुदत नाही, वायू उचलला नाही तरी पैसे भरू असं कलम नाही. मुलगी पसंत आहे एवढा निरोप आला म्हणून कुणी मांडव घालतं का?

नॉर्वेचं बघ. जानेवारी 2023 मध्ये तिथली तेल-वायू कंपनी इक्विनॉर आणि जर्मन वीज कंपनी आरडब्ल्यूई यांनी जर्मनीपर्यंत हायड्रोजन नेण्याचा बेत जाहीर केला. सप्टेंबर 2024 मध्ये इक्विनॉरने पाइपलाइनचा नाद सोडला. समुद्रात पाइप टाकणं त्यांना नवं नाही. घेणारा मिळाला नाही. आणि सबसिडीने सही मिळते असंही समजू नकोस. 1.3 अब्ज युरोंची सरकारी मदत मंजूर असताना पोलाद कंपनी आर्सेलर मित्तलने जून 2025 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन आणि आयझेनह्युटनश्टाटचे बेत गुंडाळले. हायड्रोजनवर पोलाद करणार होते ते हे कारखाने कुणाकुणाच्या मागणीच्या यादीत असतील, विचार कर.

डॅनिश मंडळींवर चिडू नकोस. त्यांनी पाइपची 2028 ची तारीख 2031 वर ढकलली म्हणून तू वैतागलीस. पण 2025 मध्ये त्यांनी त्यांच्या एस्बिअर्ग शहरापासून जर्मन सीमेपर्यंतचा टप्पा 2030 वर आणला, 8.3 अब्ज क्रोनरपर्यंत सरकारी आधार कबूल केला, आणि तरीही पाइपची ठरावीक क्षमता आधी कुणीतरी बांधील होऊन बुक करावी ही अट ठेवली. 1.4 गिगावॅटवरून 0.5 गिगावॅटवर आणली, पण काढली नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

तुझे वरिष्ठ जर्मनीच्या कोअर नेटवर्कचा, म्हणजे देशभरच्या हायड्रोजन पाइपांच्या मुख्य जाळ्याचा दाखला देतील. 9,040 किलोमीटर, सुमारे 19 अब्ज युरो, आणि गिऱ्हाईक येईपर्यंतची तूट 2055 पर्यंत भरून काढायची सोय. देशाच्या आत हे चालू शकतं. त्यातला निम्म्याहून जास्त पाइप जुन्या गॅस लाइनचाच आहे, आणि तूट राहिलीच तर कुणाच्या माथी हे कायद्यात लिहिलंय. सीमेवर आलं की ती तूट कोणत्या देशाची? हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही. तू विचार. कॉम्प्रेसर, वेल्डची कठीणता, हायड्रोजनमध्ये घनमीटरला नैसर्गिक वायूच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची ऊर्जा, हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यात लपून बसू नकोस.

मीही एकदा असाच अडून बसलो होतो. आपल्याकडची साधी गॅस लाइन. कारखानदारांच्या सह्या आल्याशिवाय शेतकऱ्यांना नोटिसा काढू नका, असं म्हणालो. अडेलतट्टू ठरलो, काम दुसऱ्याकडे गेलं. जिवाभावाचा एक सहकारी तेव्हापासून बोलेनासा झाला. आता तो नाही. बोलायचं राहूनच गेलं, ते सलतं. पण हट्टाची खंत नाही. आपल्या 1962 च्या पाइपलाइन कायद्याप्रमाणे पाइपच्या पट्ट्यात शेतकऱ्याला विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही, घर बांधता येत नाही. वायू वाहो न वाहो, बंधन राहतंच. रिकाम्या पाइपसाठी त्याने का भोगावं, याचं उत्तर तेव्हा मला कुणी दिलं नाही. आजही कुणी देत नाही, म्हणून इतकं तावातावाने लिहितोय.

नोकरी सोडून बॅटरीच्या कंपनीत जाण्याचं नंतर बोलू. तू दमली आहेस, ते कळतं मला. पण दमलेल्या डोक्याने राजीनामा लिहू नकोस.

त्या एक्सेलमध्ये तीन रकाने वाढव: किती वर्षांसाठी, कोणत्या दराने, न उचलल्यास किती भरणार. मग यादीतल्या प्रत्येकाला स्वतः फोन लाव, मेल नको. जे आकडा सांगायला तयार नाहीत त्यांची नावं मागणीतून काढ, वरिष्ठ कितीही नाराज झाले तरी. उरलेली बेरीज त्या 0.5 गिगावॅटच्या किती जवळ जाते ते मला कळव.

तुझा,
सर