कीलला पंख कशाला?

प्रश्न: १९८३ ला शिडाच्या बोटींची 'अमेरिका कप' शर्यत जिंकलेल्या 'ऑस्ट्रेलिया टू' बोटीचा तळ म्हणे कापड लावून झाकून ठेवायचे. असं काय होतं तिथे?

उत्तर: तिथे होती पंखवाली कील! शिडाच्या बोटीखाली जे जड, उभं पातं असतं ना ती कील, वारा शिडाला आडवा ढकलतो तेव्हा बोट कलंडू न देणं आणि बाजूला घसरू न देणं हे तिचं काम. बोटीचा डिझायनर बेन लेक्सनने ही कील उलटीच केली, म्हणजे वर अरुंद, खाली रुंद, आणि टोकाला दोन्हीकडे शिशाचे पंख, त्यामुळे वजन एकदम खाली गेलं, बोट कमी कलायची आणि पटकन वळायची. तोवर कप ज्यांच्याकडे होता त्या न्यूयॉर्क यॉट क्लबने कील नियमात बसते का म्हणून बराच वाद घातला, पण उपयोग नाही झाला.

तरी सगळं श्रेय कीलला देऊ नका हं. अमेरिकेतल्या न्यूपोर्टला अमेरिकन स्किपर (बोटीचा कप्तान) डेनिस कॉनरच्या 'लिबर्टी' बोटीसमोर 'ऑस्ट्रेलिया टू'वाले ३-१ ने मागे होते, तिथून ३-३ केलं, आणि सातव्या रेसमध्येही मागे पडून पाचव्या टप्प्यात वाऱ्याबरोबर जाताना पुढे निघाले आणि ४१ सेकंदांनी जिंकले. कप १३२ वर्षांत पहिल्यांदा अमेरिकेबाहेर गेला! 'ऑस्ट्रेलिया टू'चा स्किपर जॉन बर्ट्रंड आणि त्याच्या क्रूने जी हिंमत धरली ना, मला तरी तीच जास्त भारी वाटते.

बोट आता ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलच्या म्युझियममध्ये आहे, पंख अगदी जवळून दिसतात.