मधुमेहामुळे वडिलांच्या पायाचं बोट काळं पडलंय. डॉक्टर बोट काढायला सांगतात. लगेच ऑपरेशन करावं का?

बोट कोरडं, सुरकुतून काळं पडलं असेल, पू आणि ताप नसेल, तर आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या, मगच ऑपरेशन. कारण बोट काढल्यावर होणारी जखम भरायला रक्त लागतं. पावलापर्यंत रक्तच पोचत नसेल तर टाके उसवतात, कडा पुन्हा काळ्या पडतात आणि एका बोटावर भागायचं ते गुडघ्याखालून पाय काढण्यापर्यंत जातं. म्हणून सर्जनना सरळ विचारा: डॉपलर, म्हणजे पायाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, झालाय का, अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त पुढे नेता येईल का? एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना, नॉर्मल आली तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. मधुमेहात धमन्यांमध्ये कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. पायाच्या अंगठ्यावर मोजलेला दाब जास्त भरवशाचा. मात्र बोट ओलसर आणि सुजलेलं असेल, ड्रेसिंग सोडताच घाण वास येत असेल, लाली पावलावर चढत असेल किंवा थंडी वाजून ताप येत असेल, तर एक दिवसही थांबू नका. "दुखत तर नाही" म्हणून तर मुळीच नाही, कारण नसा बधिर झाल्यामुळेच ते दुखत नसतं. अशा वेळी पू आणि सडलेला भाग तातडीने काढावा लागतो. रक्तवाहिन्यांचं काम त्यानंतर, पण लवकरात लवकर.