बाबांची दारू शपथेवर एकदम तोडू नका

प्रिय मित्रा,

गणपतीत मूर्तीसमोर बाबांना शपथ घालायची आणि त्या दिवसापासून घरात थेंब येऊ द्यायचा नाही, असं तुम्ही ठरवल्याचं तू पत्रात लिहिलंस. तुमची तळमळ कळते. पण रोज दोन क्वार्टर घेणाऱ्या माणसाची दारू डॉक्टरांशिवाय घरातच तोडली, तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून हे नीट वाच आणि आईलाही वाचून दाखव.

क्वार्टर म्हणजे 180 मिली. व्हिस्की-रममध्ये आकारमानाने 42.8 टक्के मद्यार्क असतो, म्हणजे एका क्वार्टरमागे साधारण 60 ग्रॅम. यकृत तासाला 7 ते 10 ग्रॅमच निपटतं. रात्री अकराला दुसरी क्वार्टर संपली तर सकाळी दहा-अकरापर्यंतही काही अंश रक्तात असू शकतो. बाबा सकाळची लोकल पकडतात तेव्हा त्यांची उतरलेली नसते. आणि बिअरवर आणू म्हणतोस, तर 8 टक्केवाल्या स्ट्राँगच्या 650 मिलीच्या बाटलीत 40 ग्रॅमच्या आसपास मद्यार्क असतो. तो मार्ग सोडून दे.

हे एका दिवसात झालेलं नाही. सुरुवातीला पगाराच्या दिवशी मित्रांबरोबर बसणं असतं, दोन पेगमध्ये भागतं. दारू मेंदूला सुस्तावते. ती रोज यायला लागली की मेंदू उलट जोर लावून जागा राहायला शिकतो, मग दोन पेग चढत नाहीत, चार लागतात. 'केवढी पचवतो बघ' असं कौतुक होतं तेव्हाच खरं तर व्यसनाची सुरुवात झालेली असते. पुढे वेळ सरकते: रात्रीची संध्याकाळ, संध्याकाळची दुपार. शेवटी सकाळी दोन घोट घेतल्याशिवाय चहाचा कप एका हाताने धरता येत नाही, दाढी करताना ब्लेड लागतं, मस्टरवरची सही वेडीवाकडी येते. या टप्प्यावर माणूस मजेसाठी पीत नसतो, थरथर थांबवायला पितो. तू लिहिलेल्या खुणा याच आहेत.

अशात दारू अचानक गेली तर मेंदूचा तो उलटा जोर मोकळा सुटतो. शेवटच्या घोटानंतर 6 ते 8 तासांत घाम, थरथर, उलट्या, झोप नाही. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. सगळ्यात वाईट काळ दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचा. घरचे म्हणतात 'आता सुटली', आणि त्याच रात्री माणूस भिंतीवर नसलेले किडे झटकायला लागतो, आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही, ताप चढतो, नाडी धावते. याला बाहेरची बाधा समजू नका, थेट इस्पितळ गाठा.

इस्पितळात शांत करणारं औषध आधी पुरेसं देऊन साधारण आठवडाभरात टप्प्याटप्प्याने कमी करतात. सोबत थायमिनची, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. एक गोष्ट लक्षात ठेव: अशक्तपणा दिसला की गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावायची आपल्याकडे सवय आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन संपत आलेलं असतं, आणि ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांना दारूचं स्पष्ट सांगा, लाजू नका.

लोकलच्या डब्यात 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' असे स्टिकर असतात, त्यांच्या नादी लागू नका. डायसल्फिरामसारखी गोळी डाळीत कालवून दिली आणि वर माणूस प्याला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयालाही धोका असतो. गोळी बंद केली तरी हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

चढलेल्या माणसाशी रात्री वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी शांत असताना बोला. आईने ऑफिसला 'आजारी आहेत' असे फोन करणं आणि बारची उधारी फेडणं दोन्ही थांबवायला हवं. तिला हे फार जड जाईल, म्हणून तू तिच्या बाजूला उभा राहा.

मुंबईतल्या केईएम, नायर, सायन, जेजे या सगळ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. जाताना कागदावर लिहून न्या: रोज किती आणि किती वाजता, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, बीपी-शुगरच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. इस्पितळात उपचार सुरू करायची तारीख ठरेपर्यंत बाबांची दारू तुम्ही हिसकावून घेऊ नका. ते यायला तयार नसतील तर तू आणि आई दोघंच जा, किंवा 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

तुझे हितचिंतक