बास्केटबॉल प्रश्नोत्तरे: वीस वर्षं टिकलेले पाय

उन्हाळी शिबिरं सुरू झाली की गुडघ्यांचे प्रश्न वाढतात. या खेपेलाही तेच.

प्रश्न (परभणी): सर, आमच्या ग्राउंडवर तिशीतली पोरं गुडघ्याला पट्टा बांधून बाकावर बसतात. मग लेब्रॉन जेम्स चाळिशीत अमेरिकेची एनबीए लीग कशी खेळतो? पैसा आहे म्हणून?

पैसा आहेच. पण नुसत्या पैशानं गुडघे टिकले असते तर तिथले सगळेच वीस वर्षं खेळले असते. बरेच जण चार-पाच वर्षांतच बाहेर पडतात. एका हंगामात साखळीचेच 82 सामने, प्रत्येक 48 मिनिटांचा. टिकतो तो खेळ बदलणारा.

एनबीएतलाच व्हिन्स कार्टर बघा. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हा गडी सात फुटांहून उंच फ्रेंच सेंटरच्या (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या) डोक्यावरून उडी मारून डंक करून, म्हणजे चेंडू हातानं वरून रिंगमध्ये घालून, आला होता. 1998 ते 2020 असे 22 हंगाम तो खेळला, पण शेवटच्या वर्षांत बाकावरून उठून थोडी मिनिटं, लांबून थ्री-पॉइंटर (तीन गुणांचा शॉट), आणि बाकी वेळ पोरांना समजावणं. उडी गेली, नेम राहिला. आपल्याकडचा असता तर ‘पहिल्या पाचात घेत नाहीत’ म्हणून रुसून घरी बसला असता.

करीम अब्दुल-जब्बारचं गणित वेगळं. 1969 ते 1989, वीस हंगाम, 38,387 गुण. लेब्रॉननं हा सर्वाधिक गुणांचा विक्रम 2023 मध्ये मोडला. करीमचा स्कायहूक हा शॉट एकदा हळू करून बघा: रिंगला खांदा द्यायचा, एका पायावर उचलायचं, दूरचा हात कानाजवळून सरळ वर न्यायचा आणि मनगटानं चेंडू सोडायचा. अडवणारा आणि चेंडू यांच्यामध्ये अख्खं शरीर येतं, त्यामुळे जीव तोडून उडावंच लागत नाही. चाळिशीतही तोच शॉट चालला. शिवाय तो नेमानं योगासनं करायचा. आपण ती 21 जूनला फोटोपुरती करतो.

प्रश्न (लातूर): मुलगी तेरा वर्षांची आहे. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलंय, उडी मारली की दुखतं. कोच म्हणतात वाढीचं वय आहे, खेळू द्या. ‘नीट’ (मेडिकल प्रवेश परीक्षा) फाउंडेशन क्लासचे सर म्हणतात बंद करा. काय करू?

ताई, कोचचं अर्धं खरं आहे. नीटवाल्या सरांचा मुद्दा वेगळाच आहे, त्यात मी पडत नाही. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू नडगीच्या हाडाला जिथे धरलेला असतो, ती जागा अजून कच्ची असते. रोज शेकडो उड्या मारल्या की तिथं ओढ बसून सूज येते. डॉक्टर याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढ संपली की बहुतेकांचं दुखणं थांबतं, टेंगूळ मात्र कधी कधी तसंच राहतं. तरी हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, अंदाजावर राहू नका. तोवर उड्या कमी. फ्री थ्रो, ड्रिबल, पासिंग चालू दे.

आपली बहुतेक ग्राउंडं सिमेंटची, लाकडासारखी लवत नाहीत. म्हणून ती उडी मारून खाली येते तेव्हा डोळे मिटून ऐका. धप्प आवाज आला तर मार गुडघ्यांनी खाल्ला. खुर्चीवर बसताना वाकतो तसं कंबरेतून वाकून उतरायचं, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. आणि मे महिन्यात प्रॅक्टिस सकाळी आठच्या आत आटपा.

‘काही होत नाही’ हे वाक्य मीही ऐकलंय. कॉलेजात असताना स्पर्धेत घोटा मुरगळला. बर्फ, क्रेप बँडेज, पुन्हा मैदान. फायनल हरलोच, आणि घोटा अजून पावसाळ्याची वर्दी देतो.

प्रश्न (बीड): उंची पाच फूट चार इंच. खेळून उंची वाढेल का? नाहीतर सोडू?

वाढणार नाही. उंच पोरं बास्केटबॉलला जातात, म्हणून तसं दिसतं. पण मग्सी बोग्ज पाच फूट तीन इंचांचा होता आणि एनबीएत 14 हंगाम खेळला. तो अपवाद, हेही लक्षात ठेवा. डावा हात उजव्याइतका चालतो का, ते आधी सांगा.

प्रश्न (नांदेड): भारतात यात करिअर होतं का?

सतनाम सिंगला 2015 मध्ये एनबीएच्या डॅलस संघानं ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) 52 व्या क्रमांकावर निवडलं, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. इथे लांब करिअर म्हणजे नोकरी धरून खेळणं: रेल्वे, ओएनजीसी, सेनादल, पोलिस. अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेत राहून भारताकडून 18 वर्षं खेळल्या, आई झाल्यावरही परतल्या. 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्रांची पडताळणी होते. मूळ कागद उंदरांपासून जपा.

प्रश्न (जालना): वय 44. रविवारी मित्रांसोबत फुल कोर्ट खेळतो. किती वर्षं चालेल?

करीमनं 42 व्या वर्षी सोडलं, म्हणजे तुम्ही पुढेच आहात! अर्ध्या कोर्टवर तिघं-तिघं खेळा: दहा मिनिटं किंवा 21 गुण, जे आधी होईल ते. एनबीएतल्या कोबी ब्रायंटची टाचेमागची शीर (अकिलीज टेंडन) 34 व्या वर्षी तुटली, तीही साध्या पावलावर. ती शीर सकाळी ताठ वाटली, तर त्या रविवारी खेळायचं नाही, पंचाची शिट्टी तुमच्याकडे.