थकवा, टेस्टोस्टेरॉन आणि ‘दमलेल्या’ ग्रंथी

प्रश्न : वय ४१, वजन ९४ किलो. वर्षभर थकवा आहे, कामेच्छा मंदावली आहे. टेस्टोस्टेरॉन २६८ आले. जिमचे ट्रेनर इंजेक्शन सुरू करा म्हणतात. आम्हाला दुसरे मूल हवे आहे. काय करावे?

उत्तर : इंजेक्शन तूर्त घेऊ नका. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ सायंकाळी ५.४० अशी छापलेली आहे आणि पुरुषांमध्ये हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असून दिवस चढेल तसे उतरत जाते. त्यामुळे दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी करून घ्या. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा मानते, तीही दोन्ही आकडे त्याखाली असतील आणि सोबत लक्षणे असतील तरच. पुन्हा कमी आले तर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही पीयूषिका (पिट्युइटरी) ग्रंथीची संप्रेरके पाहावी लागतील; एलएच वाढलेले असेल तर दोष वृषणात, कमी किंवा ‘नॉर्मल’ असेल तर तो बहुधा पीयूषिका ग्रंथीच्या पातळीवर असतो. लठ्ठपणात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे प्रथिन घटते आणि एकूण आकडा कमी दिसतो, हेही लक्षात असू द्या. तुम्ही घोरता असे पत्नीने लिहिले आहे. झोपेत श्वास अडत असेल तर थकव्याचे मूळ तिथेच असू शकते.

मुलाच्या दृष्टीने मुद्दा याहून गंभीर आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की पीयूषिका ग्रंथी वृषणांना आदेश देणे थांबवते आणि शुक्राणूंची संख्या शून्यापर्यंत जाऊ शकते. इंजेक्शन बंद केल्यावर ती पूर्ववत होण्यास अनेक महिने, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो. हे ट्रेनर सांगत नाहीत, बहुधा त्यांना ठाऊकच नसते. मूल हवे असलेल्या पुरुषाला उपचाराची खरोखर गरज असेल तर एचसीजी या वृषणांना चालना देणाऱ्या संप्रेरकासारखे वेगळे मार्ग आहेत आणि ते संप्रेरकतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावेत.

प्रश्न : सतत गळून गेल्यासारखे वाटते. अमेरिकेतील भावाने ‘अ‍ॅड्रिनल फटीग’वरच्या कॅप्सूल पाठवल्या, तीन महिने घेत आहे. त्याआधी सकाळचे कॉर्टिसॉल १७ होते.

उत्तर : ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हा शब्द निसर्गोपचारतज्ज्ञ जेम्स विल्सन यांनी १९९८ मध्ये रूढ केला. मात्र ताणाने मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी दमतात याला संप्रेरकशास्त्रात आधार सापडलेला नाही. २०१६ मध्ये ५८ अभ्यासांचा आढावा घेऊन संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले. तुमचा थकवा खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण कॉर्टिसॉल हे याच ग्रंथींचे संप्रेरक आहे आणि १७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या आकड्यावरून ग्रंथी काम करत होत्या असे दिसते. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, साखर आणि मन:स्थिती आधी तपासून घ्या.

खरी काळजी कॅप्सूलची आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत अशा १२ उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा सर्वांत थायरॉइडचे टी-३ हे संप्रेरक आणि सातांत स्टेरॉइड सापडले. लेबलवर त्यांचा उल्लेख नव्हता. म्हणजे दमलेल्या ग्रंथींसाठी घेतलेले औषधच निरोगी ग्रंथींना निद्रिस्त करू शकते. डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कॅप्सूल त्यांच्या सल्ल्यानेच थांबवा.

प्रश्न : अश्वगंधा आणि झिंक घेतल्याने टेस्टोस्टेरॉन वाढते का?

उत्तर : झिंकचा उपयोग कमतरता असेल तरच होतो. अश्वगंधेचे छोट्या अभ्यासांतील परिणाम माफक आहेत. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवा, कारण काही यंत्रांत त्यामुळे आकडा चुकतो.

प्रश्न : वडील (६८) सांधेदुखीसाठी दीड वर्ष एका वैदूच्या पुड्या घेत होते. दहा दिवसांपूर्वी बंद केल्या. आता उलट्या होतात, उठले की चक्कर येते.

उत्तर : पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला कळवले आहे, इतरांसाठी येथे लिहितो. अशा पुड्यांत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिसळलेले आढळते. महिनोन्‌महिने ते पोटात गेले की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवणे थांबवतात आणि पुडी अचानक बंद झाली की शरीर उघडे पडते. हा आकस्मिक प्रसंग आहे. रुग्णालयात रक्तदाब, साखर आणि सोडियम पाहतील, पण दाट संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन द्यावे लागते. उरलेल्या पुड्या फेकू नका, सोबत न्या.