आधी बिल वाच

प्रिय मुली,

तुझा मेल दोनदा वाचला. वीज वितरण कंपनीच्या जनसंपर्क विभागात जाऊ की ऊर्जा धोरणावर काम करणाऱ्या संस्थेत, या घोळात तू महिना घालवलास. ऐरोलीत वाढलेली मुलगी तू. अख्ख्या राज्याची विजेची मागणी आणि पुरवठा क्षणाक्षणाला जुळवणारं राज्य भार प्रेषण केंद्र तुझ्याच गावात आहे. आणि मेलमध्ये काय, तर पदनाम आणि पगार! राग आला मला.

कुठेही जा. पण वीजदरावर एक ओळ लिहिण्याआधी घरचं बिल वाच. वापर कितीही असो, दरमहा भरावाच लागणारा स्थिर आकार, युनिटमागे लागणारा वीज आकार, तारांतून वीज पोचवण्याचा वहन आकार, इंधनखर्चाप्रमाणे बदलणारं इंधन समायोजन, सरकारचं वीज शुल्क. यातला प्रत्येक रुपया कशाचा, हे आईला सांगता आलं पाहिजे. युनिटचा दर उतरवला आणि स्थिर आकार चढवला, तर पाचशे युनिट जाळणाऱ्याला फायदा होतो आणि कळव्याच्या चाळीत एक पंखा, दोन दिवे लावणाऱ्याचं बिल वाढू शकतं. त्यालाही आपण 'दरकपात' म्हणून पत्रक पाठवायचं? बिल वाचलेला माणूस ते लिहूच शकत नाही.

बिल कळलं की कंपनीने दर ठरवून घ्यायला वीज नियामक आयोगाकडे केलेली याचिका वाच. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला दर ठरवावे लागतात. सुनावणीला जाऊन बस. सोसायटीचा सेक्रेटरी, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला लघुउद्योजक काय विचारतो ते ऐक. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा दिवशी गुळगुळीत वाक्यं कामाला येत नाहीत. मुंबईकडे वीज आणणारी कळवा-पडघे वाहिनी म्हणजे काय, हे ठाऊक असावं लागतं.

मला हट्टी म्हणतात. एका कंपनीत पत्रकातून स्थिर आकाराची ओळ काढायला सांगितली. मी काढली नाही, आणि विभागप्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं. त्या पदाची हळहळ अजून आहे. पण पुढे कित्येक वर्षं पत्रकार मलाच फोन करत राहिले, कारण माझा आकडा त्यांना पुन्हा तपासावा लागत नसे. तेव्हा मीच बरोबर होतो. आजही तसंच म्हणेन.

मुलाखतीत दोन्हीकडे एकच विचार: याचिका मला पत्रक लिहिण्याआधी वाचायला मिळेल का? जिथे सरळ 'हो' म्हणतील, तिथे जा. पगार थोडा कमी असला तरी.

तुझा,
काका